परसातला टोमॅटो : शेणखत की युरिया?

गेल्या पंधरवड्यातली गोष्ट. दवाखान्यातली सकाळची गर्दी ओसरली होती. शेवटचा नंबर एका निवृत्त गुरुजींच्या सूनबाईंचा होता. पाचवा महिना चालू होता. रक्तदाब पाहिला, वजन घेतले, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. उठता उठता त्या थांबल्या, सासऱ्यांकडे एकदा पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, एक विचारू का? मामंजी परसातल्या टमाट्यांना युरिया टाकतात. ते टमाटे मी खावेत का नाही? युरियाचं खाल्लं की कॅन्सर होतो म्हणतात. बाळाला काही झालं तर?"

गुरुजींना ते सहन झाले नाही. "अहो डॉक्टर, बाजारातले टमाटे काय हवेवर येतात? तेही युरियावरच येतात की! ते हिला चालतात, अन् मी हातानं वाढवलेले चालत नाहीत. म्हणे माहेरी सोनपेठला नुसतं शेण कालवून टाकतात, ते चांगलं."

मी हसलो खरा. पण सूनबाईंच्या डोळ्यांतली काळजी खोटी नव्हती. घरात दोन तट पडले होते आणि निकाल माझ्याकडे मागितला जात होता. पाच मिनिटांत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. "पुढच्या आठवड्यात सदरात लिहितो, दोघांनीही वाचा," असे सांगून मी त्यांना निरोप दिला. वेळ मागून घेण्याचे आणखी एक कारण होते. आमच्या घरामागे चार वाफे आहेत, आणि या बाबतीत शेण व युरिया या दोघांनीही मला एकेकदा चांगलाच धडा दिला आहे.

शेणाने दिलेला धडा

२०१८ च्या दिवाळीच्या सुमारास आमच्या वाफ्यात टोमॅटो छान लगडले होते. मी तेव्हा 'रासायनिक काही नको' या मताचा होतो. शेजारच्या गोठ्यातून रोज ताजे शेण मिळे. ते बादलीत कालवायचे आणि ती रबडी झाडांच्या आळ्यात ओतायची, असा माझा क्रम होता. झाडे बांधलेली नव्हती. खालच्या फांद्या जमिनीवर लोळत होत्या, फळांना शेण लागत होते. आपण नैसर्गिक ते करतो आहोत, या समाधानात मी होतो.

आई त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला टोमॅटोची कच्ची कोशिंबीर फार आवडते. घरचेच टोमॅटो, त्यात काय धुवायचे, म्हणून नुसते पदराला पुसून चिरले गेले. तिसऱ्या दिवशी आईला जुलाब सुरू झाले. रात्रीतून दहा-बारा वेळा. सकाळी जीभ कोरडी पडली, लघवी थांबल्यासारखी झाली, हाक मारली तर ओ देईना. म्हाताऱ्या माणसाच्या अंगातले पाणी किती लवकर कमी होते, हे मी गावाला सांगत आलो होतो. ते घरात पाहिले. दोन दिवस सलाइन लावावे लागले. आई बरी झाली.

जुलाब त्या टोमॅटोमुळेच झाले असे छातीठोकपणे मी आजही सांगू शकत नाही. पण घरात कोशिंबीर फक्त तिनेच खाल्ली होती. सौ. मला म्हणाली, "अहो, गावाला पाणी उकळून प्या सांगता आणि घरात शेण लागलेले टोमॅटो खाऊ घालता!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

युरियाने दिलेला धडा

माणूस एका टोकावरून निघाला की दुसऱ्या टोकाला जाऊन थांबतो. माझेही तसेच झाले. त्यानंतर मी शेण बंद केले आणि कृषी सेवा केंद्रातून युरिया आणला. झाडे पंधरा दिवसांत हिरवीगार झाली, माणसाच्या छातीएवढी वाढली. फुले मात्र थोडी आणि फळे त्याहून थोडी. मी आणखी मूठ-मूठ युरिया टाकला. पाने गडद झाली, मावा पडला, फळे काही वाढली नाहीत.

२०२१ च्या उन्हाळ्यात मी युरिया पाण्यात विरघळवून देऊ लागलो. एकदा बादली भरून ठेवली आणि दवाखान्यातून बोलावणे आले म्हणून तसाच निघून गेलो. शेजारच्या मावशींची शेळी कुंपणातून आत आली. उन्हाने तहानलेली होती. तिने बादलीत तोंड घातले. मी परत आलो तेव्हा ती थरथरत होती, तोंडाला फेस आला होता, पोट फुगले होते. जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत ती गेली. मावशींनी मला एक शब्दही बोलला नाही, त्याचेच जास्त वाईट वाटले. शेळीचे पैसे मी दिले. पण ती दुभती शेळी त्यांच्या नातवाच्या दुधाची सोय होती.

शेळी, गाय, म्हैस यांच्या पोटातले सूक्ष्म जीव युरियाचे झपाट्याने अमोनियात रूपांतर करतात आणि तो रक्तात भिनतो. माणसाच्या पोटात तसे होत नाही. पण लहान मुलाने पांढरे दाणे साखर समजून खाल्ले तर मळमळ, उलट्या, पोटदुखी होतेच. धडा मी लक्षात ठेवला.

तर वाचकहो, मला एका बाजूने नव्हे, दोन्ही बाजूंनी चटका बसला आहे. आता शांतपणे पाहू.

झाड काय खाते?

आपण झाडाला शेण घालतो, पण झाड शेण खात नाही. मुळांना लागते ती पाण्यात विरघळलेली खनिजे. त्यांत मुख्य तीन : नत्र, स्फुरद आणि पालाश. जर्मन शास्त्रज्ञ लीबिग याने १८४० साली आपल्या ग्रंथात हा विचार ठामपणे मांडला. शेणखत जमिनीत पडले की असंख्य सूक्ष्म जीव ते कुजवतात आणि शेवटी त्यातले नत्र अमोनियम व नायट्रेट या रूपात मुळांना मिळते. युरिया टाकला तरी जमिनीत त्याचेही अमोनियम आणि नायट्रेटच होते. मुळाच्या दाराशी पोहोचल्यावर हे नायट्रेट गोठ्यातून आले की कारखान्यातून, हे झाडाला कळत नाही.

युरिया हा शब्द ऐकून आपल्याला कारखाना आठवतो. पण गोमूत्रातले नत्रही मुख्यतः युरियाच्याच रूपात असते. इतकेच काय, आपले स्वतःचे यकृत रोज सुमारे २० ते ३० ग्रॅम युरिया तयार करते आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. रक्ताच्या तपासणीत 'ब्लड युरिया' लिहिलेला असतो, तो हाच. १८२८ साली वोलर या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया बनवला, तेव्हा सजीवांच्या शरीरातला पदार्थ बाहेरही बनवता येतो हे पाहून जगाला आश्चर्य वाटले होते. पुढे १९०९ मध्ये हाबर याने हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ मध्ये जर्मनीत त्याचा कारखाना सुरू झाला. आजची नत्रखते त्याच वाटेने येतात.

मग फरक काहीच नाही का? आहे, आणि मोठा आहे. पहिला फरक ताकदीचा. चांगल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते, युरियात ४६ टक्के. म्हणजे दहा किलोच्या एका पाटीत जेवढे नत्र, तेवढे सुमारे ११० ग्रॅम युरियात. दुसरा फरक वेगाचा. शेणखत हळूहळू, महिनोन्‌महिने मिळत राहते. युरिया चार-आठ दिवसांत सारे देऊन मोकळा होतो. तिसरा फरक जमिनीचा. शेणखताने माती भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते, गांडुळे येतात, जस्त-लोहासारखी सूक्ष्म द्रव्येही थोडीफार मिळतात. युरिया झाडाला जेवू घालतो, मातीला नाही.

हा तिसरा मुद्दा आपल्या देशातच नीट अभ्यासला गेला. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला काडीकचरा आणि शेण यांचे थर देऊन खत करण्याची पद्धत बसवली. ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातले नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्यात थोड्या शेणात भरपूर खत करण्याची रीत शोधली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ते 'नाडेप' खत. आजही अनेक गावांत हे टाके दिसतात.

फळात काय उतरते?

आता सूनबाईंच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. युरिया घातलेल्या झाडाचा टोमॅटो खाल्ल्याने कॅन्सर होतो, याला वैद्यकीय आधार नाही. फळात युरियाचे दाणे साठून राहत नाहीत. नत्र फार झाले तर काही भाज्यांत नायट्रेट वाढते, हे खरे. पण ते पालक, मेथी अशा पालेभाज्यांत आणि बीट-मुळ्यासारख्या कंदांत. टोमॅटोच्या फळात ते फारच थोडे उतरते.

उलट बाजू पाहू. सेंद्रिय टोमॅटो जास्त पौष्टिक असतो का? अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनी दहा वर्षे एकाच प्रक्षेत्रावर दोन्ही पद्धतींनी वाढवलेल्या टोमॅटोंचे वाळवलेले नमुने तपासले आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. फ्लेव्होनॉइड गटातली दोन उपकारक द्रव्ये सेंद्रिय टोमॅटोंत अनुक्रमे ७९ आणि ९७ टक्के जास्त आढळली. त्यांनी त्याचा संबंध झाडाला बेताने मिळालेल्या नत्राशी जोडला. भरपूर आयते नत्र मिळालेले झाड पानेच वाढवत बसते. माझ्या वाफ्यात मी तेच पाहिले होते. मात्र २०१२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सेंद्रिय अन्न ठळकपणे जास्त पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील पाहणीत सेंद्रिय पिकांत उपकारक द्रव्ये काहीशी जास्त आणि कॅडमियम हा धातू कमी आढळला.

या सगळ्यातून डॉक्टर म्हणून मी एवढेच घेतो : फरक असला तरी तो थोडा आहे. टोमॅटो हा ९४-९५ टक्के पाणी. त्यातले क जीवनसत्त्व, पोटॅशियम आणि लाल रंग देणारे लायकोपिन हे त्याचे खरे धन. झाडावर पिकलेला आणि त्याच दिवशी खाल्लेला टोमॅटो, मग खत कोणतेही असो, हिरवा तोडून चार दिवस क्रेटमध्ये प्रवास केलेल्या टोमॅटोपेक्षा चवीला सरस लागतोच. आणि लायकोपिन तर थोड्या तेलात शिजवल्यावर अंगी अधिक लागते. म्हणजे आपल्या आयाबायांची टोमॅटोची चटणी आणि सार शास्त्राला धरूनच आहे.

खरा धोका कुठे आहे?

धोका 'रासायनिक' किंवा 'सेंद्रिय' या नावात नाही. तो चार ठिकाणी आहे.

पहिला, कच्चे शेण. ताज्या शेणात जुलाब घडवणारे जंतू असू शकतात. त्यात माणसाची घाण मिसळली असेल तर जंतांची अंडीही. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे तर आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. नीट रचलेला खताचा ढीग आतून ५५ अंशांच्या वर तापतो आणि ती उष्णता काही दिवस टिकली, ढीग वरखाली केला, की बहुतेक रोगजंतू मरतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या अधिकृत नियमांतही कच्चे शेण वापरले तर जमिनीला टेकणारे पीक १२० दिवसांनी आणि जमिनीपासून वर असणारे ९० दिवसांनीच काढावे, असे बंधन आहे. म्हणजे ज्यांनी सेंद्रियचे व्रत घेतले, तेसुद्धा कच्च्या शेणाला जपूनच असतात. जीवामृताचेही तेच. पद्मश्री सुभाष पाळेकर यांच्यामुळे ते घरोघर पोहोचले आहे. ते करायचे तर मातीला द्या. कच्च्या खायच्या फळांवर शिंपडू नका.

दुसरा, उघडा युरिया. मिठाच्या बरणीशेजारी युरियाची बरणी मी गंगाखेडच्याच दोन घरांत पाहिली आहे. दोन्ही पांढरे, दोन्ही दाणेदार. युरिया कुलपात, नाव लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा आणि विरघळवलेले पाणी क्षणभरही उघडे सोडू नये. मुलाने खाल्लाच तर तोंड धुवावे, शुद्धीवर असेल तर पाणी पाजावे, मुद्दाम उलटी करायला लावू नये आणि पिशवी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा.

तिसरा, विहिरीचे पाणी. जास्तीचे नत्र झाड घेत नाही. ते नायट्रेट होऊन पावसाबरोबर खाली झिरपते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे आपले भारतीय मानक आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात कालवलेले वरचे दूध दिले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते, बाळ निळसर पडते. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. कॉमली यांनी हा आजार पहिल्यांदा वर्णिला. त्यांच्या नोंदीतल्या विहिरी उथळ होत्या आणि जनावरांच्या गोठ्यांजवळच्या होत्या. तेव्हा हा दोष एकट्या युरियाचा नाही. विहिरीलगतचा उकिरडाही तेच करतो. बाळंतीण घरात असेल तर दोन्हींवर लक्ष हवे.

चौथा, फवारणी. खत आणि कीटकनाशक यांची आपण फार गल्लत करतो. 'केमिकल मारलेले' म्हणताना लोकांच्या मनात असते ते बहुधा औषध, खत नव्हे. विषारी ते आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. घरच्या सहा झाडांसाठी तसले औषध घरात आणूच नये. मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा मारावा, पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा, किडलेली फळे वेचून काढावीत. एवढे पुरते.

आपली माती, आपले ऊन

गोदाकाठची आपली काळी माती जाड, चिकण आणि चुनखडीयुक्त. मराठवाड्यातल्या अशा जमिनींत सहसा पालाश पुरेसे असते; नत्र, सेंद्रिय अंश, बऱ्याचदा स्फुरद आणि जस्त कमी पडते. म्हणून पुस्तकातले किंवा पुण्या-मुंबईच्या गच्चीवरचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. चुलीतली राख हे उत्तम खत आहे असे सांगतात. आम्लधर्मी मातीत ती उपयोगी. आपली माती आधीच अल्कधर्मी, तिला राखेचा ढीग नको.

टोमॅटोचे बूड काळे पडून सडले की लोक खताच्या दुकानात धावतात. हा रोग जंतूंचा नाही. फळाला कॅल्शियम कमी पडल्याने तसे होते. आपल्या मातीत चुना भरपूर आहे. पण एक दिवस चिखल आणि चार दिवस कोरड असे पाणी दिले, वर युरिया जास्त झाला, की ते फळापर्यंत पोहोचत नाही. औषध एकच : नियमित, बेताचे पाणी आणि आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन.

आणखी एक. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो. पस्तीस अंशांच्या वर उन्हात टोमॅटोचे फळ धरणे अवघड होते, फुले गळतात. त्याला खत काही करू शकत नाही. रोपे ऑगस्ट ते ऑक्टोबर या दरम्यान लावावीत, म्हणजे फळे थंडीत येतात.

ज्यांना मातीचे नेमके हवे, त्यांनी माती तपासून घ्यावी. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिकेची योजना आहे, आणि १९७२ मध्ये स्थापन झालेले आपले कृषी विद्यापीठ परभणीला, चाळीसेक किलोमीटरवर आहे. रक्त न तपासता आपण लोहाचे इंजेक्शन घेत नाही. मातीलाही तोच न्याय द्यावा.

माझे प्रिस्क्रिप्शन

हिशेब सोपा आहे. महाराष्ट्रात टोमॅटोच्या सरळ वाणांसाठी हेक्टरी २०० किलो नत्र, १०० किलो स्फुरद आणि १०० किलो पालाश अशी शिफारस केली जाते. अडीच बाय दोन फुटांवर लावलेल्या एका झाडाच्या वाट्याला यातून सुमारे ९ ग्रॅम नत्र येते, म्हणजे २० ग्रॅम युरिया. चहाचे पाच चमचे, तेही पूर्ण हंगामात! माझी एक मूठ साधारण पन्नास ग्रॅमची. एका वेळी मी हंगामाच्या अडीचपट खाऊ घालत होतो. औषधाची बाटली कोणी एका घोटात पीत नाही. मग झाडाला का पाजावी?

आज मी करतो ते असे :

लागवडीपूर्वी प्रत्येक खड्ड्यात दोन ते तीन किलो पूर्ण कुजलेले शेणखत किंवा नाडेप खत आणि मूठभर निंबोळी पेंड. खत काळे, भुसभुशीत असावे. त्याला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास यावा. शेणाचा वास येत असेल, हाताला गरम लागत असेल, तर ते अजून कच्चे आहे. कच्च्या खताने हुमणीही येते. गांडूळखत मिळाले तर अर्धा-एक किलो पुरे.

एवढ्यावर झाड चांगले वाढत असेल तर दुसरे काही घालू नये. खालची पाने पिवळी पडू लागली, वाढ खुंटली, तर लागवडीनंतर साधारण तीन, सहा आणि नऊ आठवड्यांनी झाडाला पाऊण चमचा युरिया, बुंध्यापासून वीतभर अंतरावर, मातीत मिसळून, आणि लगेच पाणी. खत पानांवर पडू देऊ नये. फुले आल्यावर झाड गडद हिरवे असेल तर शेवटचा हप्ता देऊच नये. स्फुरदासाठी लागवडीच्या वेळी चार-पाच चमचे सिंगल सुपर फॉस्फेट पुरते.

कुंडीत लावणाऱ्यांनी याच्या निम्मेच द्यावे. कुंडीत क्षार साचतात. मातीवर पांढरी पुटे दिसली तर खत थांबवून भरपूर पाण्याने कुंडी निथळून घ्यावी.

झाडाला काठीचा आधार द्यावा, म्हणजे फळ मातीला टेकत नाही. सांडपाणी, नाल्याचे पाणी घालू नये. खताच्या खड्ड्यात घरातले जुने सेल, औषधांची पाकिटे, प्लॅस्टिक, कुत्र्यामांजरांची घाण टाकू नये. नुसते 'सेंद्रिय' म्हटल्याने शिसे आणि जंतू निघून जात नाहीत. काम करताना पायात चप्पल, हाताला जखम असेल तर मोजा, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर घेतलेले असावे.

मूत्रपिंडाच्या आजारात ज्यांना पोटॅशियम कमी खायला सांगितले आहे, त्यांनी मात्र टोमॅटो किती खावा हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. सेंद्रिय टोमॅटोतही पोटॅशियम तेवढेच असते.

सूनबाईंना उत्तर

तर सूनबाई, मामंजींचे टोमॅटो खुशाल खा. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, देठाकडची खाच नीट स्वच्छ करा. या दिवसांत कच्च्यापेक्षा सार किंवा चटणी बरी. तुम्ही स्वतः वाफ्यात मात्र हातमोजे घातल्याशिवाय काम करू नका. मांजराच्या विष्ठेतून मातीत येणारा टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी गर्भाला बाधू शकतो. युरियापेक्षा ही भीती तुमच्यासाठी खरी आहे. माहेरची कालवलेल्या शेणाची रीत प्रेमाने आठवा, पण कच्च्या कोशिंबिरीच्या वाफ्यात ती नको.

आणि गुरुजी, तुमचेही चुकले नाही. फक्त मूठ सोडा आणि चमचा हाती घ्या. युरियाची पिशवी कपाटात कुलूप लावून ठेवा, कारण चार-पाच महिन्यांनी घरात बाळ येणार आहे आणि दीड वर्षांनी ते दिसेल ते तोंडात घालू लागेल. परसाच्या कोपऱ्यात तीन बाय तीन फुटांचा विटांचा जाळीदार टाका बांधा. पालापाचोळा, भाजीचे देठ, थोडे शेण आणि माती यांचे थर द्या, ओल राखा, वरून लिंपून घ्या. तीन-चार महिन्यांत खत तयार होईल. पुढच्या हंगामात युरियाची गरज आपोआप कमी होईल.

आमच्याकडे आता हेच चालते. शेजारच्या मावशींच्या नवीन शेळीच्या लेंड्याही आमच्याच टाक्यात पडतात. आई पंच्याऐंशीच्या घरात आहे. कोशिंबीर तिने सोडलेली नाही. वाटी पुढे ठेवली की आधी विचारते, "अरे, धुतलेत ना? अन् खत किती महिन्यांचं?" उत्तर मिळाल्याशिवाय ती चमचा उचलत नाही. आपल्या सर्वांच्या घरी एवढे विचारणारे कोणीतरी असावे.